गाडीचे बाहेरचे दिवे बिघडले तर: नवा बल्ब आणण्याआधी हे तपासा

सिग्नलला बाजूचा स्कूटरवाला काच ठोकून सांगतो, "काका, ब्रेक लाइट लागत नाहीये तुमचा." बाहेरचे दिवे बिघडल्याचं बहुतेकांना असंच कुणीतरी सांगितल्यावर कळतं, कारण सीटवर बसून ते दिसतच नाहीत. मग दुकानातून बल्ब येतो, तो बसतो, आणि दिवा तरीही लागत नाही. तिथून पुढे "वायरिंगचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य ऐकू यायला लागतं आणि खर्चाचा आकडा हलायला लागतो.

माझी गाडी जुनी हॅचबॅक. तिच्या दिव्यांच्या तक्रारी बघता बघता एक गोष्ट पक्की कळली. कुठला दिवा लागतो आणि कुठला नाही, याची नीट जुळणी केली की दोष कुठे असणार हे हातात स्क्रूड्रायव्हर घेण्याआधीच बऱ्यापैकी समजतं. गॅरेजमध्ये हीच पायरी घाईत गाळली जाते.

हा लेख साधे किंवा हॅलोजन बल्ब असलेल्या गाड्यांसाठी आहे. अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, जुनी स्विफ्ट अशा. ज्या गाड्यांत एलईडी युनिटमध्येच पक्के बसवलेले असतात, तिथे बल्ब बदलणं नसतंच. तरी तपासणीची पहिली दोन पावलं आणि फ्यूजचा भाग त्यांनाही उपयोगी पडेल.

जवळ काय हवं

- गाडीचं ओनर्स मॅन्युअल. कुठल्या जागी कुठला बल्ब आणि कुठला फ्यूज, हे सगळं त्यात असतं. हरवलं असेल तर बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ मिळते.
- आरसीचा फोटो. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक टेल लाइटचं होल्डर बदलतं. दुकानदार "कुठलं मॉडेल?" विचारतो तेव्हा वर्ष आणि व्हेरियंट सांगता यायला हवं.
- वॉरंटी चालू असेल तर तिचं पुस्तक. त्या काळात वायर कापू नका, जोडही मारू नका. सरळ सर्व्हिस सेंटरला न्या.
- टेस्ट लॅम्प: एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई आणि मध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब. सोबत साधा मल्टिमीटर.
- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, काळी टेप, दोन-तीन फूट वायर, स्वच्छ फडकं.
- सुटे फ्यूज: १०, १५ आणि २० अँपिअरचे.

### १. आधी फक्त फेरी मारा

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, पुढची बाजू भिंतीकडे. पार्किंग, डिपर (लो बीम), अप्पर (हाय बीम), दोन्ही इंडिकेटर, हझार्ड (सगळे इंडिकेटर एकदम), फॉग असल्यास फॉग, असं एकेक लावत जा आणि कागदावर लिहा. मग गाडी वळवून मागची बाजू भिंतीकडे करा. ब्रेक दाबल्यावर भिंतीवर लाल उजेड पडतो, तो आरशात दिसतो. घरातलं कुणी मागे उभं राहिलं तर उत्तमच, पण त्यांना नीट सांगा: "लागला का?" असं विचारू नका, "किती लागले, आणि सगळे सारखे आहेत का?" असं विचारा. तीनपैकी दोन ब्रेक लाइट लागले तरी माणूस "हो, लागला" म्हणून मोकळा होतो.

नंबर प्लेटचा दिवा आणि रिव्हर्स लाइट विसरू नका. आणि हो, काही गाड्यांत रिव्हर्स लाइट एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूच्या तशाच दिसणाऱ्या काचेमागे मागचा फॉग असतो किंवा काहीच नसतं. तिथे "गेलेला" बल्ब शोधत बसू नका, मॅन्युअल बघा.

### २. लक्षण वाचा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एकच दिवा बंद, बाकी सगळे ठीक. बल्ब किंवा त्याचं होल्डर. अपवाद हेडलाइटचा: बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगवेगळे फ्यूज असतात, त्यामुळे एक हेडलाइट बंद असेल तर फ्यूजही बघायचा.

दोन्ही डिपर बंद, अप्पर मात्र लागतो. सगळे लगेच स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचवर संशय घेतात. तो दोषी असू शकतो, रिलेही (दिव्यांची वीज चालू-बंद करणारा छोटा विजेवरचा स्विच) असू शकतो. पण आधी दोन्ही बल्ब काढून बघा. दोन्ही बल्ब एकाच वयाचे, आणि त्यांच्यातली डिपरची तारच रोज वापरात असते. पहिली गेलेली लक्षातच येत नाही, कारण शहरात रस्त्यावरच्या उजेडात एका दिव्यावर भागतं. दुसरी गेली की "दोन्ही एकदम गेले" असं वाटतं.

तिन्ही ब्रेक लाइट बंद. तिन्ही बल्ब एकदम जाणं जवळजवळ अशक्य. फ्यूज किंवा ब्रेक पेडलवरचा स्विच.

एका बाजूचा इंडिकेटर भराभर टिकटिकतो. त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे. हा बिघाड नाही, ती सूचना आहे: त्या बाजूचा भार कमी झाला की फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करवणारा भाग) वेगाने चालतो. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवला तरी हेच होतं, कारण एलईडी वीज फारच कमी ओढतो.

इंडिकेटर एकही लागत नाही, हझार्ड लागतो. म्हणजे बल्ब चांगले आणि बहुधा फ्लॅशरही चांगला. इंडिकेटरचा फ्यूज बघा. जुन्या गाड्यांत इंडिकेटरची वीज हझार्डच्या बटणातून जाते आणि ते बटण वर्षानुवर्षं न वापरल्याने आतून काळं पडतं. दहा-बारा वेळा दाबून सोडा. कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो. इंडिकेटर लावला की टेल लाइटही त्याच तालावर मंद होतो, किंवा ब्रेक दाबला की रिव्हर्स लाइट अंधुक पेटतो. अशी दिव्यांची खिचडी झाली की ऐंशी टक्के डोकं अर्थिंगकडे, म्हणजे दिव्यापासून गाडीच्या बॉडीला जाणाऱ्या वायरीकडे लावायचं. विजेला परतीचा सरळ रस्ता मिळत नाही, म्हणून ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते. दुसरं कारण चुकीचा बल्ब, त्याबद्दल पुढे.

सगळेच दिवे मंद, रेस दिली की उजळतात. दिव्यांना हात लावू नका. बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं इंजिनवरचं जनित्र) तपासा. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि चालू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवेत. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला आहे. नवे बल्ब पुन्हा पुन्हा उडतात त्याचं एक कारण हेच असतं.

### ३. बल्ब काढा आणि डोळ्यांनी बघा

दिवे बंद करा, किल्ली काढा. हेडलाइट नुकता चालू होता तर थांबा, हॅलोजन बल्बचा चटका जबरदस्त बसतो.

टेल लाइटचं युनिट बऱ्याच हॅचबॅकमध्ये डिकी उघडल्यावर दिसणाऱ्या दोन स्क्रूंनी धरलेलं असतं. स्क्रू निघाले की ते सरळ मागे ओढायचं. बाहेरच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्या तिरकं ओढल्या की तुटतात. होल्डर थोडं फिरवलं की सुटतं. बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला की निघतो.

आता तो उजेडासमोर धरा. तार तुटलेली दिसते किंवा काच आतून काळी-चंदेरी झालेली असते. टेल आणि ब्रेक एकाच बल्बमध्ये असतात तेव्हा आत दोन तारा असतात, ५ वॅटची बारीक टेलची आणि २१ वॅटची जाड ब्रेकची. एक तुटून दुसरीवर लोंबकळत असेल तर ब्रेक दाबल्यावर पार्किंग आणि डॅशबोर्डचे दिवेही उजळू शकतात. एवढ्याशा तारेपायी लोक अख्खं वायरिंग उसवतात.

नवा बल्ब घेताना जुना सोबत न्या. सर्रास लागणारे प्रकार असे:

- हेडलाइट: एच४, तीन पाती, ६०/५५ वॅट. काही गाड्यांत एच७ किंवा एच११, दोन्ही ५५ वॅट.
- टेल आणि ब्रेक एकत्र: पी२१/५डब्ल्यू. बुडाला दोन ठिपके, बाजूच्या दोन खुंट्या वर-खाली.
- इंडिकेटर, रिव्हर्स: पी२१डब्ल्यू, बुडाला एक ठिपका. पांढऱ्या काचेच्या इंडिकेटरमध्ये नारिंगी बल्ब, पीवाय२१डब्ल्यू, ज्याच्या खुंट्या अगदी समोरासमोर नसतात.
- पार्किंग, नंबर प्लेट: डब्ल्यू५डब्ल्यू, धातूचं बूड नसलेला, सरळ ओढून निघणारा.

सापळा इथे आहे. एका ठिपक्याचा बल्ब दोन ठिपक्यांच्या होल्डरमध्ये जोर लावून बसवला तर तो दोन्ही संपर्क जोडून टाकतो, आणि वर सांगितलेली खिचडी सुरू होते. दोन ठिपक्यांचा बल्ब उलटा रेटला तर टेल प्रखर आणि ब्रेक मंद. बल्ब अलगद बसत नसेल तर जोर लावायचा नाही, फिरवून बघायचा.

हॅलोजनच्या काचेला उघड्या बोटांनी हात लावू नका. बोटाचं तेल काचेवर राहतं, त्या जागी ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलाच हात, तर सर्जिकल स्पिरिटने पुसून कोरडा करा. मागची काळी रबरी टोपी पुन्हा घट्ट बसवा. तिच्यावर बहुधा 'टॉप' लिहिलेलं असतं, ती बाजू वर.

### ४. बल्ब चांगला निघाला तर होल्डर

होल्डरमधल्या पत्र्याच्या पट्ट्या बघा. हिरवट-पांढरी बुरशी असेल तर मेकॅनिकच्या भाषेत "कार्बन धरलाय". पॉलिश पेपरची बारीक गुंडाळी आत फिरवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पट्टी दबलेली असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच उचला. होल्डरचं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालं असेल तर मात्र ते बदला.

मग टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या रंग नसलेल्या धातूला लावा, दिव्याचा स्विच चालू करा आणि सुई होल्डरच्या आतल्या ठिपक्याला टेकवा. लॅम्प पेटला तर वीज इथपर्यंत येते आहे. नुसत्या मल्टिमीटरवर इथे विसंबू नका. वायर आतून सडून एखादा तंतू उरला असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण भार पडला की तो तंतू दम सोडतो. टेस्ट लॅम्प लगेच मंद पेटून चुगली करतो.

एक इशारा: स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वायरी आणि पिवळे कपलर (वायरींचे प्लग) एअरबॅगचे असतात. त्यांना सुई टोचायची नाही.

### ५. फ्यूज

बहुतेक गाड्यांत दोन फ्यूज बॉक्स असतात, एक बॉनेटखाली बॅटरीजवळ आणि दुसरा डॅशबोर्डखाली. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. रंगावरून क्षमता कळते: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

फ्यूज न काढताही तपासता येतो. त्याच्या डोक्यावर दोन बारीक खिडक्या असतात, त्यातून धातू दिसतो. दिवा चालू ठेवून टेस्ट लॅम्पची सुई दोन्हींना लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज शाबूत. एकीकडेच पेटला तर उडालेला.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा टाका. चांदीचा कागद गुंडाळणं, तार बांधणं, १० च्या जागी ३० टाकणं, हे "तात्पुरतं" म्हणून केलेले प्रकार गाडीला आग लावू शकतात. फ्यूज उडतो तेव्हा वायर वाचते. तो उडू दिला नाही तर वायर जळणार.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. हॅचबॅकमध्ये पहिली बघायची जागा डिकीच्या दरवाज्याचं बिजागर. तिथल्या रबरी नळीतून नंबर प्लेट आणि तिसऱ्या ब्रेक लाइटच्या वायरी जातात, आणि दरवाजा उघडझाप करून त्या नळीच्या आत तुटतात. रबर सरकवून बघा. दुसरी जागा म्हणजे नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू: रिव्हर्स कॅमेरा, जादा फॉग, मोठा हॉर्न. त्यांची जोडणी करताना कुणीतरी वायर सोलून पीळ मारलेला असतो आणि वरची टेप उन्हाळ्यात सुटते.

### ६. ब्रेकचा स्विच

पेडलच्या दांड्याच्या वरच्या टोकाशी एक छोटा स्विच असतो. पाय नसताना त्याची दांडी दबलेली राहते, पाय दिला की सुटते आणि दिवे लागतात. कपलर काढून त्याच्या दोन टोकांत क्षणभर वायरचा तुकडा जोडा. चार टोकं असली तर मॅन्युअलमधली आकृती बघितल्याशिवाय नको. दिवे लागले तर स्विच बदला, बोल्ट दोन मिनिटांत सुटतो.

उलट तक्रारही येते: ब्रेक लाइट विझतच नाही. गाडी बंद करून गेलात तरी चालू, सकाळी बॅटरी उतरलेली. अशा वेळी आधी पायाखालचं मॅट बघा. प्लॅस्टिकचे बारीक तुकडे पडलेले दिसले तर पेडलवरचं बटण, ज्यावर स्विचची दांडी टेकते, ते झिजून फुटलं आहे. दांडी आता मोकळ्या भोकातून आरपार जाते. भाग क्षुल्लक किमतीचा असतो.

### ७. अर्थिंग

बल्ब, फ्यूज, स्विच सगळं ठीक आणि दिवा मंद किंवा विचित्र. आता त्या दोन-तीन फूट वायरचा उपयोग. दिवा चालू ठेवून वायरचं एक टोक होल्डरच्या अर्थला (बहुधा काळी वायर) आणि दुसरं बॉडीच्या स्वच्छ बोल्टला लावा. दिवा झटकन उजळला तर निदान झालं.

मीटरवर खात्री करायची असेल तर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, दिवा चालू असताना एक टोक होल्डरच्या अर्थला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर अर्थ खराब.

मग ती काळी वायर बॉडीला कुठे बोल्टने धरली आहे ते शोधा. मागच्या दिव्यांची बहुधा डिकीतल्या कार्पेटमागे असते. १० नंबरच्या पान्याने बोल्ट काढा, गोल टर्मिनल आणि त्याखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, परत घट्ट करा, वर थोडं ग्रीस लावा. माझ्या गाडीला एका गॅरेजने "मागचं हार्नेस (वायरींचा अख्खा जुडगा) बदलावं लागेल" असं सांगून अंदाजपत्रक दिलं होतं. निघाला तो गंजलेला एक बोल्ट. कोकणात किंवा समुद्राजवळ गाडी असेल तर मी म्हणेन हे पाऊल तिसऱ्या क्रमांकावर आणा.

### ८. पाणी आणि उंदीर

पावसाळ्यात हेडलाइटच्या आत पातळ वाफ धरली आणि दिवे लावून थोडं चालवल्यावर गेली तर काळजी नको, युनिटला हवा खेळायला बारीक भोकं असतात. थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचलं असेल तर मात्र रबरी टोपी, काचेची कड आणि तडे तपासा. सगळीकडे सिलिकॉन भरू नका. हवेची भोकं बुजली की आतलं पाणी आतच.

उंदरांनी वायर कुरतडली असेल तर जवळ बारीक तुकडे आणि लेंड्या सापडतात. तुटलेली वायर जोडताना नुसता पीळ नको, सोल्डर करा आणि वर हीट श्रिंकची नळी चढवा. बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवायचा उपाय बरेच जण करतात. माझा अनुभव असा, की पानं वाळली की उंदीर परत हजर.

### ९. जास्त उजेडाचा मोह

डिपर कमी वाटतो म्हणून १००/९० वॅटचे बल्ब टाकू नका. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८ च्या पुढे. कंपनीची वायर, होल्डर आणि स्विच तेवढ्यासाठी बनलेले नसतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घुसवला तर उजेडाची कड बिघडते, समोरच्याचे डोळे दिपतात, आणि ताम्हिणीच्या धुक्यात तर आपल्यालाच पांढरी भिंत दिसते.

त्याआधी काच बघा. पिवळी पडलेली असेल तर १००० आणि मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत वापरा, नंतर रबिंग कंपाउंड आणि शेवटी यूव्ही कोट. टूथपेस्टची चमक फार टिकत नाही. मग लेव्हलिंगचं चाक (हेडलाइटचा झोत वर-खाली करणारं) ० वर ठेवून गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. डिपरची वरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. ती डावीकडे किंचित वर चढते, तो दोष नाही. आपल्याकडे डाव्या बाजूने चालवतात म्हणून ती तशीच असते.

### १०. इलेक्ट्रिशियनकडे जाताना

शॉर्ट सापडत नाही, कॉम्बिनेशन स्विच उघडावा लागणार, किंवा गाडीत दिव्यांचा ताबा कॉम्प्युटरकडे आहे, अशा वेळी हट्ट सोडा. मेकॅनिक आणि ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळे, इलेक्ट्रिशियनकडे जा. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधता येतात.

जाऊन "लाइट बघा जरा" असं सांगू नका. पहिल्या फेरीचा कागद पुढे करा: "दादा, उजवा टेल मंद आहे, इंडिकेटर लावला की थरथरतो, बल्ब नवा आहे, फ्यूज ठीक आहे, अर्थ बघून घ्या." एवढं ऐकल्यावर तो थेट मुद्द्यावर येतो, आणि हार्नेसची गोष्ट सहसा निघत नाही.

गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर हे काम आरटीओच्या तारखेआधी उरका. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५, आरसी, विमा आणि पीयूसी नेतो तेव्हा गाडीही दाखवावी लागते, आणि दिवे तिथे बघतातच.

काम झालं की पैसे देण्याआधी त्यांच्याच दारात सगळे दिवे रिव्हर्ससकट लावून बघा. एक जोडताना दुसरं कपलर सुटं राहणं नेहमीचंच. काढलेला जुना भाग मागून घ्या, आणि कुठली वायर कुठे जोडली ते मोबाइलवर टिपून ठेवा.